शिक्षा : चाळीस तास, ऑनलाइन

पडद्याच्या कोपऱ्यात घड्याळ चालू असतं. मधोमध मजकूर : अमली पदार्थांचे मेंदूवर होणारे परिणाम, राग आवरण्याचे उपाय, घरखर्चाचा हिशेब, नोकरीचा अर्ज कसा लिहावा. पान पाच मिनिटांत वाचून झालं तरी 'पुढे'चं बटण लगेच उजळत नाही. ठरलेली मिनिटं भरावीच लागतात. मधेच एक चौकट उगवते आणि विचारते, 'तुम्ही इथे आहात ना?' तिच्यावर क्लिक केलं नाही तर घड्याळ थांबतं. धड्याच्या शेवटी पाच-सात प्रश्न, त्यांची उत्तरं बहुतेक त्याच पानावर. असे धडे संपवत गेलं की तास साठत जातात. चाळीस भरले की एक पीडीएफ उतरवून घ्यायचं. त्यावर संस्थेचं नाव, नोंदणी क्रमांक, तारखा, सही आणि 'या व्यक्तीने चाळीस तास सामुदायिक सेवा केली' असं एक वाक्य. हे पत्र वकिलाकडून किंवा प्रोबेशन ऑफिसरकडून कोर्टात पोचतं. न्यायाधीशाने ते मान्य केलं तर खिशात गांजाची पुडी सापडलेल्या माणसाचं प्रकरण पुढे सरकतं. नाही केलं तर चाळीस तास गेले, फी गेली, आणि मुदतही बहुधा संपत आलेली असते.

अमेरिकेत गेल्या काही वर्षांत हा प्रकार चांगलाच रुजला आहे. कोर्टाने लावलेले सेवेचे तास घरी बसून, लॅपटॉपवर किंवा मोबाइलवर भरून देणारे उपक्रम तिथे अनेक आहेत. काहींच्या मागे खरोखर धर्मादाय संस्था असते, काही नुसते दुकान मांडून बसलेले. फी बहुतेक ठिकाणी तासांच्या हिशेबाने वाढते. यातले काही जण पैसे घेऊन कोऱ्या तासांची पत्रं विकताना पकडलेही गेले आहेत. त्यामुळे अनेक काउंटींतली कोर्टं अशी पत्रं सरसकट नाकारतात, काही ठिकाणी आधी लेखी परवानगी लागते, तर काही न्यायाधीश ठरावीक तासांपुरती ती चालवून घेतात. एकाच राज्यात, एकाच गुन्ह्यासाठी, शेजारशेजारच्या दोन काउंटींत नियम वेगळे. म्हणून वकील पहिल्याच भेटीत सांगतात : आधी कोर्टाला विचारा, मग पैसे भरा.

या विषयाकडे मराठी वाचकाने का वळावं? एक तर १ जुलै २०२४पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेने सामुदायिक सेवा ही आपल्याकडेही रीतसर शिक्षा केली आहे. आणि पुण्या-नाशिकच्या, सोलापूर-अमरावतीच्या घराघरांतली मुलं आज टेक्सासात, न्यू जर्सीत, कॅलिफोर्नियात शिकताहेत. त्यांच्यापैकी एखाद्याने फोनवर सांगितलं की 'आई, थोडी कम्युनिटी सर्व्हिस लावलीय, ऑनलाइन होऊन जाईल', तर त्या वाक्यात काय दडलेलं असू शकतं, हे घरच्यांना ठाऊक असायला हवं.

* * *

तुरुंगाऐवजी काम ही कल्पना तशी अलीकडची. १९६६मध्ये कॅलिफोर्नियातल्या अलामेडा काउंटीत वाहतुकीचे नियम मोडलेल्या स्त्रियांपासून तिची सुरुवात झाली. दंड भरायला पैसे नाहीत आणि तुरुंगात टाकावं तर घरी लहान मुलं, अशा स्त्रियांना न्यायाधीश एखाद्या सेवाभावी संस्थेत काही तास काम करायला पाठवू लागले. शिक्षा म्हणून या कल्पनेला पक्का कायदेशीर आकार दिला तो मात्र इंग्लंडने. बार्बरा वूटन या समाजशास्त्रज्ञ आणि अनेक वर्षं दंडाधिकारी म्हणून बसलेल्या बाईंच्या समितीने १९७०मध्ये तशी शिफारस केली, १९७२मध्ये कायदा झाला आणि १९७३पासून सहा विभागांत प्रयोग सुरू झाला. किमान ४०, कमाल २४० तास, एका वर्षाच्या आत, आणि आरोपीच्या संमतीने.

वूटनबाईंनी पुढे स्वतःच्याच अहवालाबद्दल एक गोष्ट मोकळेपणाने लिहून ठेवली आहे. हा उपाय एकाच वेळी सगळ्यांना खूश करण्यासाठी मांडला होता, अशा अर्थाची. कडक शिक्षा हवी असणाऱ्यांना ती शिक्षा वाटावी, सुधारणावाद्यांना सुधारणा, सरकारला तुरुंगाचा खर्च वाचल्याचं समाधान आणि समाजाला फुकटचं काम. हा दोष त्या उपायात जन्मापासून आहे असं मला वाटतं. नक्की काय साधायचं आहे हेच ठरलेलं नसल्यामुळे शेवटी एकच गोष्ट सगळ्यांना मोजता येते, ती म्हणजे तास.

तास भरणं म्हणजे काय, हे आपल्याकडे कॉलेजात गेलेल्या कुणालाही सांगावं लागत नाही. राष्ट्रीय सेवा योजना, म्हणजे एनएसएस, १९६९मध्ये सुरू झाली. वर्षाला १२० तास, दोन वर्षांत २४०, शिवाय सात दिवसांचं शिबिर. इंग्लंडच्या १९७२च्या कायद्यातला कमाल आकडाही नेमका २४०च. एनएसएसच्या शिबिरात बंधारा घालणारी, गावाचं सर्वेक्षण करणारी, पहिल्यांदाच एखाद्या वस्तीत रात्र काढून आतून हललेली मुलं मी पाहिली आहेत. आणि नोंदवहीत नुसते आकडे चढवून प्रमाणपत्र घेणारीही. दोघांच्या वहीत तास सारखेच. फरक पडतो तो समोर कुणी वाट पाहत होतं की नाही, याने. बंधारा राहिला तर गावकरी विचारणार आहेत का? जेवण वेळेवर रांधलं नाही तर शंभर माणसं उपाशी राहणार आहेत का? काम न झाल्याने कुणाचंतरी अडत असेल तरच काम करणाऱ्याला आपण कुणाच्यातरी उपयोगी पडलो असं वाटतं.

पडद्यावरच्या त्या धड्यांपुढे कुणीच वाट पाहत नसतं. मी धडा पूर्ण केला काय किंवा सोडला काय, जगात कुणाचं काही अडत नाही. ते शिक्षण असेल, उपयोगीही असेल. पण त्याला सेवा म्हणणं मला पटत नाही.

* * *

तरीही या ऑनलाइन तासांची हेटाळणी करणाऱ्यांच्या रांगेत मी उभा राहणार नाही. ते कोण घेतं, हे आधी पाहायला हवं.

अमेरिकेतल्या बहुतेक शहरांत गाडीशिवाय माणूस लंगडा. काही राज्यांत अमली पदार्थांच्या गुन्ह्यात ड्रायव्हिंग लायसन्सही निलंबित होतं. म्हणजे तीस मैलांवरच्या अन्नछत्रात शनिवारी सकाळी आठला हजर राहायचं, आणि तिथवर न्यायला गाडीही नाही, बसही नाही. एकटी आई असेल तर मुलाला कुठे ठेवायचं? तासाच्या पगारावर दोन नोकऱ्या करणाऱ्याने आठवड्याची कुठली पाळी सोडायची? व्हीलचेअरवरच्या माणसाला महामार्गाच्या कडेचा कचरा उचलायला कोण घेणार? शिवाय बऱ्याच संस्था गुन्ह्याची नोंद पाहून, विशेषतः अमली पदार्थांची, माणसाला दारातूनच परत पाठवतात. शाळा आणि पाळणाघरं तर पाठवतातच.

लॉस एंजेलिसमधल्या सक्तीच्या सेवेवर यूसीएलएच्या लेबर सेंटरने २०१९मध्ये एक अहवाल काढला. त्याचं शीर्षक मराठीत सांगायचं तर 'काम करा, पैसे भरा, नाहीतर तुरुंगात जा'. दंड भरता न आल्याने तासांत अडकलेली माणसं त्यात दिसतात, बहुतांश गरीब आणि गौरेतर. ती कचरा उचलतात, ऑफिसं झाडतात, उद्यानं साफ करतात. पगार नाही, कामगार कायद्याचं संरक्षण नाही. मुदतीत तास पूर्ण न झालेल्यांची संख्या मोठी, आणि मुदत चुकली की नवा दंड, नवं वॉरंट. ज्यांच्याकडे पैसे असतात ते दंड भरून सुटतात. टेक्सासच्या कायद्यात तर न्यायाधीशाला सेवेच्या ऐवजी अन्नपेढीला ठरावीक देणगी द्यायला सांगण्याचीही मुभा आहे. देणगी देता येणाऱ्याचा शनिवार वाचतो, न येणाऱ्याचा जातो.

अशा माणसाला रात्री मूल झोपल्यावर अकरा ते एक या वेळात तास भरता येत असतील, तर त्याच्या दृष्टीने ती सवलत जगण्या-मरण्याची असू शकते. कोविडच्या काळात हे सगळ्यांनीच पाहिलं. मार्च २०२०नंतर ग्रंथालयं बंद झाली, वृद्धाश्रमांत बाहेरच्यांना येणं बंद झालं, कोर्टांनी लावलेले तास मात्र तसेच राहिले. तेव्हा अमेरिकेतल्या अनेक प्रोबेशन कार्यालयांनी ऑनलाइन वर्ग चालवून घेतले. इंग्लंडमध्ये घरी बसून करता येण्याजोगी कामं दिली गेली, कापडी मास्क शिवण्यासारखी, आणि तासांचा काही मर्यादित हिस्सा शिक्षण-प्रशिक्षणात भरायची मुभा तिथे होतीच.

मास्क शिवण्याचं हे उदाहरण मला महत्त्वाचं वाटतं. काम घरातच झालं, पण मास्क कुणाच्यातरी तोंडावर गेला. घरबसल्या करण्यासारखी, तरीही कुणालातरी हवी असणारी कामं आज भरपूर आहेत. अमेरिकेच्या लायब्ररी ऑफ काँग्रेसने २०१८पासून जुनी हस्तलिखितं लोकांकडून टंकलिखित करून घ्यायला सुरुवात केली. स्मिथसोनियन या तिथल्याच संग्रहालय-संस्थेचं असंच केंद्र २०१३पासून चालतं. एका माणसाने वाचलेली ओळ दुसरा तपासतो, आणि मग ते पान जगभरच्या अभ्यासकांना शोधता येतं. डेन्मार्कमध्ये २०१५मध्ये सुरू झालेल्या 'बी माय आइज' या ॲपवर अंध व्यक्ती व्हिडिओ कॉल करते आणि पलीकडचा अनोळखी माणूस तिला दुधाच्या पिशवीवरची तारीख वाचून दाखवतो. पूर किंवा भूकंपानंतर उपग्रहचित्रांवरून रस्ते आणि घरं नकाशात भरणारे स्वयंसेवक आहेत. यातलं कुठलंही काम न्यायाधीशाने आधी पाहून मंजूर केलं, तासांची नोंद कुणीतरी जबाबदारीने ठेवली, तर ते पडद्यावर झालं म्हणून हलकं ठरत नाही. उलट, घड्याळ बघत 'मी इथे आहे' असं क्लिक करत बसण्यापेक्षा ते कितीतरी जास्त माणुसकीचं आहे. कोर्टांनी 'ऑनलाइन चालेल की नाही' यावर डोकं फोडण्यापेक्षा 'पलीकडे कोण आहे' एवढं विचारलं तरी अर्धी दुकानं बंद होतील.

अमली पदार्थ बाळगण्याच्या गुन्ह्यात हे विशेष खरं आहे. या गुन्ह्यात बहुतेक वेळा समोर फिर्यादी नसतो. चोरीत ज्याचं गेलं तो असतो, मारामारीत ज्याला लागलं तो असतो. इथे ज्याचं नुकसान झालं तो स्वतः आरोपी. म्हणून १९८९मध्ये मायामीत पहिलं ड्रग कोर्ट उभं राहिलं तेव्हा त्याचा भर तासांपेक्षा उपचारावर होता. न्यायाधीश दर काही आठवड्यांनी आरोपीला समोर बोलावतो, नाव घेऊन विचारतो, लघवीच्या तपासणीचा अहवाल पाहतो, घसरला तर खडसावतो, सावरला तर कोर्टात टाळ्या वाजतात. या पद्धतीवर आक्षेप आहेत आणि ते गंभीर आहेत. उपचार आणि तुरुंगाची धमकी एकाच हातात असणं बरं नव्हे. पण तिथे निदान एक माणूस दुसऱ्या माणसाला ओळखत असतो.

* * *

आता आपल्या मुलांकडे.

समजा, सोलापूरचा एक मुलगा डॅलसजवळ एमएस करतोय. सुट्टीत मित्रांबरोबर कोलोरॅडोला गेला. तिथे गांजाची किरकोळ विक्री १ जानेवारी २०१४पासून कायदेशीर आहे. एकवीस वर्षं पूर्ण असल्याचा पुरावा दाखवून त्याने झगझगीत दुकानातून गमीजचं, म्हणजे चघळायच्या गोळ्यांचं, एक पाकीट रीतसर विकत घेतलं, पावतीसकट. परतीच्या वाटेवर, टेक्सासची हद्द ओलांडल्यावर, वेग जास्त म्हणून पोलिसांनी गाडी थांबवली. गाडीत वास आला, झडती झाली, पाकीट सापडलं.

टेक्सासात साधा गांजा दोन औंसांपर्यंत सापडला तर तो क्लास बी मिसडिमीनर, म्हणजे तुलनेने किरकोळ गुन्हा : १८० दिवसांपर्यंत तुरुंग, २,००० डॉलरपर्यंत दंड. पण गमीजमध्ये असतो गांजाचा अर्क, आणि अर्काला वेगळं, जास्त कडक कलम आहे. एक ग्रॅमच्या आत असला तरी ती फेलनी, म्हणजे गंभीर गुन्हा. आणि वजन करताना नुसता अर्क धरत नाहीत; साखर, जिलेटिन, रंग यांसकट सगळं पाकीट तराजूवर ठेवतात. चार ग्रॅमच्या पुढे गेलं की दुसऱ्या श्रेणीची फेलनी, कायद्यातली शिक्षा दोन ते वीस वर्षं. चार ग्रॅम म्हणजे बहुधा एक-दोन गोळ्या. व्हेप पेनचंही तेच. खिशात सिगारेटसारखी बाळगली जाणारी ती नळी टेक्सासात फेलनी असू शकते, हे तिथे नव्याने गेलेल्या कितीतरी मुलांना माहीतच नसतं.

प्रत्यक्षात पहिल्यांदाच पकडलेल्या विद्यार्थ्याला कुणी सहसा वीस वर्षं देत नाही. सरकारी वकील आरोप हलका करतो आणि प्रस्ताव येतो : गुन्हा कबूल कर किंवा 'नो कॉन्टेस्ट' (आरोप लढवत नाही) म्हण, न्यायाधीश दोषी असा निकाल नोंदवणारच नाहीत. ठरलेला काळ देखरेखीखाली राहा, दंड भर, वर्ग कर, सामुदायिक सेवेचे तास पूर्ण कर. सगळं नीट झालं की केस डिसमिस. टेक्सासच्या भाषेत हे डिफर्ड ॲडज्युडिकेशन. राज्याच्या कायद्यानुसार ही दोषसिद्धी नाही, आणि फौजदारी वकील तसंच सांगतो. मुलगा घरी फोन करतो : 'बाबा, काही मोठं नाही. रेकॉर्डवर काही राहणार नाही. थोडी सर्व्हिस आहे, ऑनलाइन होते.' बाबा देवाला हात जोडतात.

मात्र त्या मुलाच्या व्हिसावर अधिकार चालतो तो संघराज्याच्या इमिग्रेशन कायद्याचा, टेक्सासचा नव्हे. त्या कायद्यात १९९६मध्ये दोषसिद्धीची व्याख्या बदलली. माणसाने गुन्हा कबूल केला असेल, 'नो कॉन्टेस्ट' म्हटलं असेल किंवा गुन्हा ठरण्याइतपत तथ्यं मान्य केली असतील, आणि न्यायाधीशाने कुठल्याही स्वरूपाची शिक्षा किंवा बंधन लावलं असेल, तर तो दोषी. मग राज्याच्या कोर्टाने निकाल लिहिला असो वा नसो, केस पुढे डिसमिस झाली असो वा नसो. आणि सामुदायिक सेवा हे असंच एक बंधन आहे. म्हणजे ज्या चाळीस तासांनी केस संपली असं वाटलं, तेच चाळीस तास इमिग्रेशनच्या दृष्टीने दोषसिद्धीची दुसरी अट पुरी करतात. अमली पदार्थाच्या दोषसिद्धीवर परदेशी नागरिकाला देशाबाहेर काढता येतं. त्याला अपवाद एकच, आणि तोही अरुंद : स्वतःच्या वापरासाठी ३० ग्रॅमपर्यंत गांजा बाळगण्याचा एकमेव गुन्हा. तो अपवादही फक्त देशातून काढण्यापुरता. देशात पुन्हा प्रवेश मिळणं ही वेगळी कसोटी आहे, आणि तिथे हे तीस ग्रॅम आपोआप माफ होत नाहीत.

म्हणून मोठा धोका असतो तो घरी येण्यात. मुलगा दोन वर्षांनी दिवाळीला सोलापूरला येतो, मुंबईच्या वाणिज्य दूतावासात व्हिसाच्या शिक्क्यासाठी अर्ज भरतो. अर्जात प्रश्न असतो : तुम्हाला कधी अटक झाली आहे का, दोषी ठरला आहात का? माफी मिळाली असली तरी सांगा. केस मिटली आहे, सेवेची पत्रं आहेत, कोर्टाचा डिसमिसलचा आदेश आहे, सगळं फाइलमध्ये नीट लावून नेलेलं. आणि तीच फाइल त्याच्या विरुद्ध वाचली जाते. दोषसिद्धी नसली तरी अधिकाऱ्यासमोर अमली पदार्थ बाळगल्याची कबुली दिली, तर तेवढ्यानेही प्रवेश नाकारता येतो. कोलोरॅडोत ते कायदेशीर होतं हे सांगून उपयोग नसतो, कारण संघराज्याच्या कायद्यात गांजा निषिद्धच आहे. २०२५च्या वसंतात तर अमेरिकी सरकारने गुन्हे नोंदींच्या राष्ट्रीय माहितीसाठ्याशी विद्यार्थ्यांची नावं पडताळून हजारोंची विद्यार्थी-नोंदणी एकाएकी रद्द केली. त्यांत केस केव्हाच डिसमिस झालेलेही होते, भारतीयही होते. कोर्टांनी तंबी दिल्यावर एप्रिलच्या अखेरीस नोंदण्या परत सुरू झाल्या, पण तोवर काही जण विमानात बसून परत आले होते.

याबाबत एक खटला तिथे शिकणाऱ्या प्रत्येक मुलाला माहीत असायला हवा. होझे पडिया हे मूळचे होंडुरासचे, चाळीसहून अधिक वर्षं अमेरिकेत राहिलेले, ग्रीन कार्डवाले, व्हिएतनाम युद्धात त्या देशाच्या सैन्यातून लढलेले ट्रकचालक. केंटकीत त्यांच्या ट्रकमध्ये गांजा सापडला. त्यांच्या वकिलाने सांगितलं, इतकी वर्षं इथे आहात, इमिग्रेशनची चिंता करू नका. त्यांनी गुन्हा कबूल केला, आणि देशातून काढले जाण्याची वेळ आली. ३१ मार्च २०१० रोजी अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने निकाल दिला की, गुन्हा कबूल केल्याने परदेशी अशिलाच्या वास्तव्यावर काय परिणाम होईल हे सांगणं फौजदारी वकिलाचं कर्तव्य आहे. ते सांगितलं नाही तर वकिलाची मदत अपुरी ठरते. पण कर्तव्य आहे म्हणजे प्रत्येक वकील ते बजावतोच असं नाही. पंधरा मिनिटांत तीन केसेस उरकणाऱ्या कोर्टाच्या व्हरांड्यात तर नाहीच.

कॅलिफोर्नियाने यातून धडा घेतला. तिथे किरकोळ बाळगण्याच्या गुन्ह्यात आधी कबुली घेऊन मग कार्यक्रम पूर्ण करायला लावत. स्थलांतरित त्यात फसतात हे लक्षात आल्यावर कायदा बदलला, आणि १ जानेवारी २०१८पासून आरोपी 'दोषी नाही' असं म्हणूनच वर्ष-दीड वर्षाच्या कार्यक्रमात जातो. कबुलीच नाही, त्यामुळे इमिग्रेशनच्या व्याख्येत तो सापडत नाही. सेवा तीच, वर्ग तेच, तासही तेवढेच. फक्त सुरुवातीचं एक वाक्य बदललं, आणि माणूस वाचला.

तेव्हा असा फोन आलाच तर आई-वडिलांनी आधी रागवायचं नाही. विचारायचं : तू कबूल केलंस का? नसेल केलं तर थांब. तुझ्या फौजदारी वकिलाला इमिग्रेशनच्या वकिलाशी बोलायला लाव, आणि त्यांचं म्हणणं लेखी घे. कबुलीशिवायचं डायव्हर्जन, म्हणजे कॅलिफोर्नियातल्यासारखा कार्यक्रम, मिळतं का ते आधी विचार. अमली पदार्थाचं नाव नसलेल्या दुसऱ्या कलमावर तडजोड होते का ते बघ. आणि हे मिटेपर्यंत भारतात येऊ नकोस, लग्न असलं तरी. यासाठी लागणारे हजार-दोन हजार डॉलर उसने काढावे लागले तरी काढावेत.

* * *

आणि आपल्याकडे? १९ मे २०२४च्या पहाटे पुण्यात कल्याणीनगरला भरधाव पोर्शने दोन तरुण अभियंत्यांचा जीव घेतला. गाडी चालवणारा अल्पवयीन होता. बाल न्याय मंडळाने काही तासांत जामीन दिला, आणि अटींमध्ये तीनशे शब्दांचा निबंध होता. पुढे आदेश फिरला, पण निबंध लोकांच्या मनातून गेला नाही. त्यावेळचा संताप मला अगदी रास्त वाटतो. तो निबंध कुणासाठी होता? जे गेले त्यांच्या आई-वडिलांना त्याचं काय करायचं होतं? जानेवारी २०२५मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने दारू पिऊन गाडी ठोकणाऱ्या एका सुशिक्षित तरुणाला जामीन देताना, तीन महिने दर शनिवार-रविवारी वरळी नाक्याच्या सिग्नलला 'दारू पिऊन गाडी चालवू नका' असा फलक घेऊन उभं राहायला लावलं. इथे माणूस निदान रस्त्यावर उतरला. पण चौकात पाटी घेऊन उभं करणं ही समज आहे, सेवा नाही, असं माझं मत आहे. त्याच शनिवारी अपघात विभागात स्ट्रेचर ढकलले असते तर कुणाच्यातरी कामी आला असता.

भारतीय न्याय संहितेने सामुदायिक सेवा सहा गुन्ह्यांना लावली आहे. पाच हजारांच्या आतली पहिली चोरी, दारू पिऊन सार्वजनिक ठिकाणी गैरवर्तन, अब्रुनुकसानी हे त्यांतले ओळखीचे. नागरिक सुरक्षा संहितेत व्याख्या आहे : समाजाला उपयोगी आणि विनामोबदला काम. किती तास, कुठे, कुणाच्या देखरेखीखाली, यावर मूळ कायदा गप्प आहे. ते राज्यांनी आणि कोर्टांनी भरायचं. अमली पदार्थ त्या सहांत नाहीत. ते १९८५च्या एनडीपीएस कायद्याखाली येतात, आणि तिथे एक विचित्र फट आहे. कलम २७ खाली नशा केल्याबद्दल दोषी ठरला तर प्रोबेशन मिळू शकतं. तीच नशा करण्याआधी खिशात थोडीशी सापडली तर कलम ३३ प्रोबेशनचा दरवाजा बंद करतं, वय अठराच्या आत असेल तरच उघडतं. एमडी (मेफेड्रोन) दोन ग्रॅमच्या आत, गांजा किलोच्या आत, म्हणजे कायद्याच्याच भाषेत अल्प प्रमाण असलं तरी.

त्याच कायद्यात एक चांगला रस्ताही आहे. व्यसनी माणूस अल्प प्रमाणात बाळगल्याबद्दल किंवा नशा केल्याबद्दल दोषी ठरला, तर कलम ३९ नुसार न्यायालय त्याच्या संमतीने त्याला तुरुंगाऐवजी मान्यताप्राप्त केंद्रात उपचाराला पाठवू शकतं. वर्षाच्या आत उपचाराचा अहवाल कोर्टापुढे ठेवायचा. कलम ६४ अ तर स्वतःहून उपचार घेणाऱ्या व्यसनीला खटल्यापासूनच संरक्षण देतं. हे रस्ते वापरायला लागणारी माणसं आणि संस्था महाराष्ट्रात आहेत. लेखक अनिल अवचटांनी गर्द या अमली पदार्थावर लिहिलेले लेख वाचून पु. ल. आणि सुनीताबाई देशपांडे यांनी एक लाख रुपये पुढे केले आणि २९ ऑगस्ट १९८६ रोजी येरवड्याला डॉ. अनिता अवचटांनी मुक्तांगण हे व्यसनमुक्ती केंद्र सुरू केलं. तिथे व्यसनातून बाहेर पडलेली माणसं नव्याने आलेल्यांच्या शेजारी बसतात, समुपदेशन करतात, घरच्यांना समजावतात. रात्री अंग मोडून येतं, थरथर सुटते, तेव्हा समोरचा म्हणतो, मलाही असंच झालं होतं. त्या वाक्याची वाट पाहणारं कुणीतरी तिथे रोज असतं.

कॉलेजातल्या मुलाच्या खिशात अर्धा ग्रॅम एमडी सापडली की आज जे होतं ते असं : अटक, जामिनासाठी धावपळ, आरोपपत्र, वर्षानुवर्षांच्या तारखा, पासपोर्टची अडचण, कॉलेज सुटणं. कलम ३९ वकील मागत नाहीत तोवर चर्चेत येत नाही. ते मागायला लागावं. कलम ३३ मध्ये अपवाद म्हणून दिलेल्या २६ आणि २७ या कलमांच्या आकड्यांशेजारी अल्प प्रमाणाचा उल्लेख घालणारी एका ओळीची दुरुस्ती संसदेने करावी. आणि उपचार पूर्ण केलेल्या मुलाला सेवेचे तास द्यायचेच असतील, तर ते व्यसनमुक्ती केंद्राच्या फॉलोअपच्या सभेत, सतरंज्या अंथरण्यापासून नव्याने आलेल्याला स्टेशनवरून घेऊन येण्यापर्यंतच्या कामात द्यावेत. गाव लांब असेल, बस मिळत नसेल, तर फोनवर. रात्री बाराला घाबरलेल्या रुग्णाचा कॉल घेण्याच्या पाळीत, केंद्राच्या समुपदेशकाच्या देखरेखीखाली. तेही ऑनलाइनच होईल. तासांचा हिशेब केंद्राने ठेवावा, आणि न्यायाधीशाने प्रमाणपत्र बघण्याआधी केंद्राच्या माणसाला बोलावून विचारावं, की हा मुलगा यायचा का, आणि नाही आला त्या दिवशी तुमचं काही अडलं का.